सेवामुक्ती प्रमाणपत्रावरील चुकीचा ओळख क्रमांक दुरुस्त कसा करावा

अमेरिकेच्या सैन्यातून बाहेर पडणाऱ्या सैनिकाच्या हाती जे सेवामुक्ती प्रमाणपत्र येते, ते १९५० पासून 'डीडी फॉर्म २१४' या नावाने ओळखले जाते. व्हीएची (माजी सैनिकांसाठीच्या केंद्रीय खात्याची) वैद्यकीय सेवा, अपंगत्वाची भरपाई, घरकर्जाची हमी, सरकारी नोकरीतील प्राधान्य आणि शेवटी राष्ट्रीय दफनभूमीतील जागा, यांपैकी काहीही मागायचे झाले की पहिल्यांदा हाच कागद पुढे करावा लागतो. त्यावरचे नाव बरोबर असते, तारखा बरोबर असतात, पण ओळख क्रमांकातला एखादा आकडा चुकलेला असला, तर ती गोष्ट वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानातही येत नाही. मग एखाद्या दाव्याला 'या क्रमांकाची नोंद सापडत नाही' असे उत्तर येते आणि घरात कागदांची शोधाशोध सुरू होते. अशा वेळी बहुतेक जण थेट शेवटच्या पायरीकडे, म्हणजे सैन्याच्या नोंद दुरुस्ती मंडळाकडे अर्ज करण्याच्या तयारीला लागतात. वास्तविक अशा चुकांपैकी पुष्कळशा साध्या प्रशासकीय दुरुस्तीने मिटू शकतात. मात्र चूक नेमकी कोणत्या कागदात किंवा कोणत्या कार्यालयाच्या नोंदीत आहे, हे आधी शोधून काढलेले असले पाहिजे.

क्रमांक कोणता, हे आधी ठरवावे

सैनिकाच्या कागदपत्रांत निरनिराळे ओळख क्रमांक आढळतात आणि त्यांची गल्लत हेच अर्ध्या घोटाळ्याचे मूळ असते. जुन्या काळी प्रत्येक सैनिकाला स्वतंत्र सेवा क्रमांक दिला जात असे. भूदल आणि हवाई दलाने १ जुलै १९६९ पासून, नौदल आणि मरीन कोअरने १ जानेवारी १९७२ पासून आणि कोस्ट गार्डने १ ऑक्टोबर १९७४ पासून सेवा क्रमांक सोडून सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारच्या सामाजिक सुरक्षा योजनेतील व्यक्तीचा क्रमांक) वापरायला सुरुवात केली. अलीकडे ओळखपत्रांवर संरक्षण खात्याचा दहा आकडी क्रमांक असतो. याखेरीज व्हीए आपल्या दाव्याच्या फाइलला जो क्रमांक देते तो वेगळाच; जुन्या फाइलींवर तो 'सी' या अक्षराने सुरू होतो, तर पुढच्या काळातल्या पुष्कळ फाइलींना सोशल सिक्युरिटी नंबरच लावलेला दिसतो. व्हीएचा फाइल क्रमांक प्रमाणपत्रावरील क्रमांकाशी जुळत नाही एवढ्यावरून प्रमाणपत्र चुकले असा निष्कर्ष काढू नये.

त्याचप्रमाणे दोन वेगळे सेवा क्रमांक दिसले, तरी दोन्ही खरे असू शकतात. सक्तीच्या भरतीतून आलेल्या सैनिकाच्या क्रमांकाआधी 'यूएस' ही अक्षरे असत. तोच सैनिक पुढे स्वेच्छेने नियमित भूदलात राहिला, तर त्याला 'आरए' अक्षरांचा नवा क्रमांक मिळत असे. साध्या सैनिकाचा अधिकारी झाला तरीही क्रमांक बदलत असे. त्यामुळे १९५८ च्या कागदावर एक क्रमांक आणि १९६२ च्या कागदावर दुसरा, हे पाहून लगेच दुरुस्ती मागायला जाऊ नये. मधल्या काळात पुन्हा भरती झाली होती का, पदोन्नती झाली होती का, हे आधी पाहावे. १९६९ च्या आधीच्या प्रमाणपत्रावर सोशल सिक्युरिटी नंबर नसेल, तर तीही चूक नव्हे. त्या काळी सैनिकाची मुख्य ओळख सेवा क्रमांकानेच होत असे, आणि आजच्या सोयीसाठी जुन्या कागदात नवी माहिती भरून द्या असे म्हणणे म्हणजे दुरुस्ती मागणे नव्हे.

काही चुका मात्र क्रमांकाकडे पाहताक्षणी कळतात. सोशल सिक्युरिटी नंबरमध्ये नऊ आकडे असतात. त्यातले पहिले तीन आकडे ०००, ६६६ किंवा ९०० ते ९९९ यांपैकी कधीच नसतात, मधले दोन ०० नसतात आणि शेवटचे चार ०००० नसतात. प्रमाणपत्रावरचा क्रमांक या नियमांत बसत नसेल, तर तो कोणाचाच नाही हे निराळ्या पुराव्याशिवायही दाखवता येते. जून २०११ पूर्वी दिलेल्या क्रमांकांच्या पहिल्या तीन आकड्यांवरून अर्ज कोणत्या राज्यातून झाला होता हेही समजत असे. दुसऱ्या महायुद्धातील भूदलाच्या शिपायांच्या आठ आकडी क्रमांकांचीही अशी मांडणी असे: स्वेच्छेने आलेल्यांचा क्रमांक साधारणपणे १ ने, नॅशनल गार्डमधून (राज्यांच्या राखीव दलातून) आलेल्यांचा २ ने आणि सक्तीच्या भरतीतल्यांचा बहुधा ३ ने सुरू होई, तर दुसऱ्या आकड्यावरून भरतीचा प्रदेश ओळखता येई. न्यू इंग्लंडमध्ये (ईशान्येकडची राज्ये, प्रदेश १) सक्तीने भरती झालेल्या सैनिकाचा क्रमांक ३१ ऐवजी १३ ने सुरू झालेला दिसला, तर टंकलेखकाने दोन आकडे उलटे मारले असावेत, अशी शंका घ्यायला जागा आहे. एवढ्यावर दुरुस्ती मिळणार नाही, पण शोध कोणत्या दिशेने न्यायचा ते यावरून ठरते.

चूक कागदात आहे की प्रतीत

घरात जी प्रत असते ती पुष्कळदा प्रतीची प्रत असते. जुनी प्रमाणपत्रे टंकलेखन यंत्रावर कार्बन लावून काढलेली असल्यामुळे खालच्या प्रतींवर ३ आणि ८, १ आणि ७, ५ आणि ६ यांत फरक करणे अवघड जाते. मग तिच्या झेरॉक्सची झेरॉक्स निघते आणि कोणीतरी अस्पष्ट आकडा निळ्या शाईने गिरवून ठेवलेला असतो. हे गिरवणे वरवर निरुपद्रवी वाटले, तरी फार महागात पडू शकते. हे जपून ठेवण्याचे दस्तऐवज असून त्यात फेरबदल केल्यास ते रद्द ठरेल, अशा आशयाची सूचना प्रमाणपत्रावरच छापलेली असते. शिवाय सेवामुक्ती प्रमाणपत्रात खोटा फेरफार करणे हा अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार एक वर्षापर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा आहे. आकडा कितीही उघडपणे चुकलेला असला, तरी मूळ कागदाला पेन लावू नये.

म्हणून पहिले काम म्हणजे सेंट लुईस येथील नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडून नवी प्रत मागवणे. त्यासाठी 'एसएफ १८०' हा अर्ज भरता येतो किंवा नॅशनल आर्काइव्हजच्या (राष्ट्रीय अभिलेखागाराच्या) संकेतस्थळावरून मागणी नोंदवता येते. स्वतः सैनिकाला सेवामुक्तीचा कागद विनामूल्य मिळतो आणि सैनिक हयात नसल्यास तोच हक्क जवळच्या नातेवाइकांना असतो. मात्र सेवामुक्तीला ६२ वर्षे उलटली की फाइल अभिलेखागाराची होते, ती कोणालाही पाहता येते आणि प्रतीसाठी शुल्क पडते. अर्जात क्रमांक लिहिताना प्रमाणपत्रावरचा चुकीचा क्रमांक आणि खरा क्रमांक हे दोन्ही द्यावेत आणि कोणता कोठून आला ते एका वाक्यात सांगावे. केवळ खरा क्रमांक दिला आणि फाइल चुकीच्या क्रमांकाखाली लावलेली असली, तर 'नोंद नाही' हेच उत्तर येण्याची शक्यता असते. पूर्ण नाव, जन्मतारीख, सेवादल (भूदल, नौदल वगैरे) आणि सेवेची वर्षे यांवरूनही शोध घेता येतो, म्हणून तेही रकाने रिकामे ठेवू नयेत.

मागणी करताना फक्त डीडी २१४ न मागता संपूर्ण कार्मिक फाइल मागावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या फाइलमध्ये भरतीचा करार, वैद्यकीय तपासणीचे कागद, बदलीचे आदेश आणि वेतनाचे कागद असतात. भरतीच्या करारापासून अखेरच्या आदेशापर्यंत सगळीकडे एकच क्रमांक आहे आणि प्रमाणपत्रावर तेवढा निराळा आहे असे दिसले, की सैन्याच्याच कागदांनी सैन्याची चूक सिद्ध होते. याहून बळकट पुरावा दुसरा नाही.

याला एक मोठा अपवाद आहे. १२ जुलै १९७३ रोजी या केंद्राच्या इमारतीला लागलेल्या आगीत सुमारे १६ ते १८ दशलक्ष फाइली नष्ट झाल्या. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात भूदलातून सेवामुक्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के फाइली जळाल्या, तर २५ सप्टेंबर १९४७ ते १ जानेवारी १९६४ या काळातील हवाई दलाच्या, वर्णक्रमाने 'हबर्ड, जेम्स ई.' या नावापुढच्या, सुमारे ७५ टक्के फाइली गेल्या. यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या. अशा सैनिकाची सेवा अखेरच्या वेतनाच्या पावत्या, तुकड्यांचे रोजचे हजेरी अहवाल, व्हीएच्या जुन्या फाइली अशा तुकड्यातुकड्यांतून पुन्हा जुळवावी लागते, आणि हे तुकडे शोधताना नावाच्या जोडीला सेवा क्रमांकच कामी येतो. म्हणून आगीत फाइल गेलेल्या सैनिकाच्या बाबतीत चुकलेला क्रमांक सर्वांत जास्त त्रास देतो. फाइल पुन्हा उभी करण्यासाठी केंद्र 'एनए फॉर्म १३०५५' पाठवते. त्यात तुकडी, तळ आणि महिन्यांसह तारखा जितक्या नेमक्या भराल, तितके बरे. जुन्या पत्रांची पाकिटे इथे उपयोगी पडतात, कारण पाठवणाऱ्याच्या पत्त्यात सैनिक बहुधा आपला सेवा क्रमांक आणि तुकडी लिहीत असत.

खऱ्या क्रमांकाचा पुरावा

सोशल सिक्युरिटी नंबरचा वाद असेल, तर मूळ कार्ड हा सोपा पुरावा. कार्ड हरवले असेल तर 'एसएस ५' अर्जावर दुसरे मिळते. वर्षाला ३ आणि आयुष्यभरात १० अशी त्याला मर्यादा आहे, पण एवढ्या कामासाठी ती आड येत नाही. कार्डाच्या जोडीला त्या काळातले डब्ल्यू-२ हे वार्षिक वेतन व कर पत्रक आणि सोशल सिक्युरिटी प्रशासनाकडील कमाईचा उतारा घ्यावा. यातला उतारा आणखी एका कारणाने आवश्यक ठरतो. १९५७ पासून सैनिकांच्या वेतनावर सोशल सिक्युरिटीचा कर कापला जातो. वेतनाच्या नोंदीतच क्रमांक चुकीचा असेल, तर त्या वर्षांची कमाई सैनिकाच्या खात्यावर जमा न होता बेवारस नोंदींत जाऊन पडलेली असू शकते, आणि १९५७ ते २००१ या काळातील सेवेसाठी मिळणारे जादा जमेचे लाभही हातचे जातात. उताऱ्यावर सेवेची वर्षे कोरी दिसली, तर चूक प्रमाणपत्रावर टंकलेखन करताना झालेली नसून त्याआधीच, वेतनपटात शिरलेली आहे, असे समजावे. ती दुरुस्ती 'एसएसए ७००८' या अर्जाने स्वतंत्रपणे मागावी लागते. डीडी २१४ दुरुस्त झाले म्हणून ती आपोआप होत नाही.

कधी कधी उलटेच निघते. सैनिकाने भरतीच्या वेळी स्वतःच चुकीचा क्रमांक सांगितलेला असतो, भावाच्या कार्डावरचा क्रमांक दिलेला असतो किंवा वय लपवण्यासाठी कागद बदललेले असतात. अशा प्रसंगी कारकुनाची चूक म्हणून अर्ज करणे धोक्याचे आहे, कारण भरतीच्या करारावर तोच क्रमांक त्याच्या सहीनिशी सापडेल. खरे ते लिहून, दोन्ही क्रमांकांची व्यक्ती एकच आहे हे जन्माचा दाखला, शाळेचे किंवा चर्चचे कागद आणि आवश्यक तर बोटांचे ठसे यांनी दाखवावे. यात लपवाछपवी केल्याने अर्ज बळकट होत नाही.

दुरुस्ती कोणाकडे मागावी

सेंट लुईसचे केंद्र कागद सांभाळते. सेवादलाच्या नोंदीत बदल करण्याचा अधिकार सेवादलाचा. व्हीएचेही तसेच आहे. सेवेविषयी सेवादलाने दिलेला निर्णय व्हीएवर बंधनकारक असतो, त्यामुळे व्हीएच्या खिडकीवर कितीही वाद घातला तरी तिथला कर्मचारी प्रमाणपत्रातला आकडा बदलू शकत नाही.

केवळ टंकलेखनाची, सैन्याच्याच कागदांवरून उघड होणारी चूक असेल तर सेवादलाच्या कार्मिक कार्यालयाकडे प्रशासकीय दुरुस्ती मागावी. भूदलाचे हे कार्यालय केंटकीतील फोर्ट नॉक्स येथे आहे, हवाई दलाचे टेक्सासमधील रँडॉल्फ तळावर, नौदलाचे टेनेसीतील मिलिंग्टन येथे आणि मरीन कोअरचे व्हर्जिनियातील क्वांटिको येथे. अर्ज एका पानाचा असावा. 'रकाना ३ मध्ये टंकलेखित झालेल्या क्रमांकातील सहावा व सातवा आकडा एकमेकांच्या जागी पडले आहेत. सोबतच्या भरती करारावर, बदलीच्या दोन आदेशांवर व सोशल सिक्युरिटी कार्डावर क्रमांक अमुक असा आहे. तरी रकाना ३ त्याप्रमाणे दुरुस्त करावा,' या अर्थाच्या इंग्रजी मजकुरापलीकडे फार काही लागत नाही. सेवेचा इतिहास, मिळालेली पदके, व्हीएने कसे छळले ही कहाणी या पत्रात नको. वाचणाऱ्याला रकाना, चूक, बरोबर आकडा आणि पुरावा एवढेच हवे असते. पुराव्याच्या प्रतींवर संबंधित क्रमांकाच्या शेजारी, प्रतीवरच, बाण काढलेला चालतो. मूळ कागद मात्र कधीही टपालात टाकू नयेत.

मागणी मान्य झाली की सहसा नवे डीडी २१४ मिळत नाही, तर 'डीडी फॉर्म २१५' मिळतो. हा छोटासा कागद असतो. त्यावर मूळ प्रमाणपत्रातल्या रकान्याचा क्रमांक आणि तो आता कसा वाचावा हे लिहिलेले असते. तो मूळ प्रमाणपत्राच्या जोडीनेच चालतो. नुसता डीडी २१५ कोणाला दाखवून उपयोग नाही, आणि तो न जोडता जुने प्रमाणपत्र देणे म्हणजे चूक पुन्हा फिरवणे. दोन्ही कागद एकाच पारदर्शक पाकिटात ठेवावेत आणि झेरॉक्सही नेहमी दोन्हींची मिळून काढावी.

कार्यालयाने नकार दिला, उत्तरच दिले नाही, किंवा पुरावे परस्परविरोधी असल्यामुळे निर्णय घेण्याचे टाळले, तर मग नोंद दुरुस्ती मंडळाकडे जावे. भूदल, नौदल आणि हवाई दल यांची अशी स्वतंत्र मंडळे आहेत. मरीन कोअरचे अर्ज नौदलाच्या मंडळाकडे, स्पेस फोर्सचे हवाई दलाच्या मंडळाकडे जातात आणि कोस्ट गार्डचे मंडळ होमलँड सिक्युरिटी खात्याखाली येते. अर्जाचा नमुना सर्वांना एकच, 'डीडी फॉर्म १४९'. नोंदीतील चूक किंवा अन्याय दूर करण्याचा अधिकार या मंडळांना कायद्याने, १० यूएससी १५५२ या संघराज्य कायदेसंग्रहातील कलमाने, मिळालेला आहे. खालचे प्रशासकीय मार्ग संपल्याशिवाय आलेला अर्ज मंडळाकडून परत पाठवला जाऊ शकतो, म्हणून आधीच्या पत्रव्यवहाराच्या प्रती जोडणे महत्त्वाचे. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा अशी मुदत आहे. न्यायाच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास मंडळ ती माफ करू शकते, पण उशिराचे कारण अर्जातच लिहावे. मंडळांनी बहुतेक अर्ज दहा महिन्यांत आणि कोणताही अर्ज अठरा महिन्यांत निकाली काढावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. ज्याच्या घरी दावा अडकून पडला आहे त्याने हा काळ हिशेबात धरूनच पुढचे बेत आखावेत. आणखी एक सावधगिरी: 'डीडी फॉर्म २९३' हा अर्ज सेवामुक्तीच्या प्रकाराचा किंवा कारणाचा फेरविचार मागण्यासाठी असतो. क्रमांकाच्या दुरुस्तीशी त्याचा संबंध नाही, तरी दोन्ही नमुने शेजारीशेजारी दिसत असल्यामुळे लोक तोच भरून पाठवतात.

या सगळ्यासाठी वकील लागत नाही आणि पैसे मोजण्याचेही कारण नाही. अमेरिकन लीजन, व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स, डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स या माजी सैनिकांच्या संघटनांचे आणि बऱ्याच काउंटींचे (जिल्ह्यासारख्या स्थानिक विभागांचे) सेवा अधिकारी अशा अर्जांना विनामूल्य साहाय्य करतात. 'त्वरित दुरुस्ती' करून देण्यासाठी शुल्क आणि पूर्ण सोशल सिक्युरिटी नंबर मागणाऱ्या खासगी मध्यस्थांपासून दूर राहावे.

सैनिक हयात नसल्यास

वारसांनाही दुरुस्ती मागता येते. मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा अर्जासोबत लागतो. प्रती मागवण्याच्या कामी पुनर्विवाह न केलेली पत्नी किंवा पती, आईवडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण हे जवळचे नातेवाईक मानले जातात. अंत्यविधी तोंडावर असेल, तर दुरुस्तीची वाट पाहू नये. राष्ट्रीय दफनभूमीचे वेळापत्रक ठरवणाऱ्या कार्यालयाला फोनवरच दोन्ही क्रमांक सांगावेत आणि रेकॉर्ड्स सेंटरकडे मागणी करताना ती दफनविधीसाठी आहे हे ठळकपणे लिहावे. अशा मागण्या तातडीने हाताळल्या जातात. दुरुस्तीचा अर्ज नंतर सावकाश करता येतो.

दुरुस्तीनंतर

चुकीचा क्रमांक तोपर्यंत जिथे जिथे पोचलेला असतो, तिथे तिथे डीडी २१५ ची प्रत आपणच पोचवावी लागते. व्हीएचे प्रादेशिक कार्यालय, निवृत्तिवेतन मिळत असल्यास डीएफएएस हे संरक्षण खात्याचे वेतन कार्यालय, सोशल सिक्युरिटी प्रशासन आणि राज्याचा माजी सैनिक विभाग, यांना प्रत्येकी एक प्रत द्यावी आणि पोचपावती ठेवावी. काउंटीच्या नोंदणी कार्यालयाचा प्रश्न जरा वेगळा आहे. हरवू नये म्हणून कित्येक सैनिकांनी एके काळी आपले प्रमाणपत्र तिथे नोंदवून ठेवले, आणि ती नोंद सार्वजनिक असल्याने त्यावरचा सोशल सिक्युरिटी नंबरही कोणालाही दिसू शकतो. आता अनेक राज्यांनी अशा नोंदी पाहण्यावर निर्बंध आणले आहेत, तरी खरा क्रमांक असलेला डीडी २१५ तिथे नोंदवण्याआधी ती नोंद बंद आहे का याची चौकशी करावी; बंद नसेल तर नोंदवू नये, कारण चुकीच्या क्रमांकाने निदान ओळख चोरीला जाण्याचा धोका तरी नव्हता.

काही महिने गेल्यावर सेंट लुईसकडून डीडी २१४ ची आणखी एक प्रत मागवावी. तिच्यासोबत डीडी २१५ आला, तर दुरुस्ती फाइलमध्ये लागली. न आल्यास सेवादलाच्या कार्यालयाला आपल्याजवळच्या डीडी २१५ ची प्रत पाठवून तो फाइलला जोडण्याची लेखी विनंती करावी.